कन्सोलमध्ये यूएसबी हब आणि स्टोरेज ड्राइव्ह कायमचा बसवायचा आहे

रानवाटा

सेंटर कन्सोलमध्ये, आर्मरेस्टखालच्या खणात, एक हब (एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणारा) आणि एक ड्राइव्ह कायमचा बसवायचा आहे. हेड युनिट (डॅशबोर्डवरची म्युझिक सिस्टीम) कंपनीचंच आहे, टचस्क्रीनवालं. गिअर लिव्हरच्या पुढे एकच पोर्ट असा आहे की ज्यात पेनड्राइव्ह लावला की गाणी दिसतात. मागच्या सीटसाठी दोन पोर्ट आहेत, पण त्यांत फक्त चार्जिंग होतं. फोन लावायचा तर पेनड्राइव्ह काढावा लागतो.

विचारायचं आहे ते असं:

१. त्या एका पोर्टला साधा चार पोर्टचा हब लावला तर चालेल का?
२. हबला करंट कुठून द्यावा?
३. गाण्यांसाठी ड्राइव्ह कोणता घ्यावा? २५६ जीबी पुरे.
४. मूळ वायरिंग कुठेही कापायचं नाही. ते शक्य आहे का?

ओहम

शक्य आहे. पण कन्सोलचा एकही स्क्रू काढण्याआधी तुमचं हेड युनिट हब ओळखतं का, ते बघून घ्या. हे काम अडतं ते बहुतेक इथेच, आणि अडतं तेही सगळं फिटिंग करून झाल्यावर.

हेड युनिटमधलं यूएसबी संगणकासारखं मोकळंढाकळं नसतं. त्याला ठरावीक प्रकारचीच उपकरणं ओळखायला शिकवलेलं असतं आणि त्या यादीत हब असेलच असं नाही. नसेल तर स्क्रीनवर 'हब चालत नाही' किंवा 'उपकरण ओळखता आलं नाही' असा संदेश येतो, किंवा काहीच येत नाही. तेव्हा कुणाकडून तरी साधा हब आणा आणि सीटवर ठेवून याच क्रमाने बघा:

आधी हबमध्ये फक्त पेनड्राइव्ह लावा. गाणी दिसली तर दुसरा पेनड्राइव्ह लावा आणि सोर्सच्या यादीत दोन्ही येतात का बघा. काही युनिट हब ओळखतात, पण त्यामागचा पहिलाच ड्राइव्ह दाखवतात. मग एक ड्राइव्ह काढून फोन लावा. शेवटी गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी चालू करा आणि सगळं आपोआप परत येतं का बघा. ही शेवटची पायरी सोडू नका. युनिट चालू असताना ओळखलेला हब गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ओळखला न जाणं हा नेहमीचा प्रकार आहे.

हब चार पोर्टचाच घ्या. सात पोर्टचे बहुतेक हब आतून दोन चार-पोर्टी चिप एकामागे एक जोडून केलेले असतात, म्हणजे हेड युनिटच्या दृष्टीने हबमागे हब. बरीच युनिट एकच पायरी मानतात. त्यात कन्सोलमधला मूळ पोर्ट स्वतःच कंपनीच्या छोट्या हबवरून आलेला असला, तर तुमचा हब ही दुसरी पायरी ठरते आणि तो चार पोर्टचा असूनही नाकारला जातो. कार्ड रीडर जोडलेले हबही टाळा. रिकामा स्लॉटसुद्धा त्यात ड्राइव्ह म्हणून नोंदला जातो आणि युनिट त्या रिकाम्या ड्राइव्हवरच अडकून बसतं.

फोन आयफोन आहे की अँड्रॉइड?

रानवाटा

घरात दोन्ही आहेत. दोन्ही वायरनेच लावतो.

ओहम

मग इथे फरक पडतो. अँड्रॉइड ऑटोमध्ये (अँड्रॉइड फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) हेड युनिट होस्ट, म्हणजे जोडणीचा ताबा असलेली बाजू, राहतं आणि फोन उपकरण म्हणून वागतो. त्यामुळे युनिटला हब चालत असेल, तर त्यातून अँड्रॉइड ऑटो चालायला तत्त्वतः अडचण नाही.

वायरवरच्या कारप्लेमध्ये (आयफोनसाठीची तशीच सोय) भूमिका उलटतात: आयफोन होस्ट होतो आणि हेड युनिट उपकरण. साधा हब एकाच दिशेने चालतो, त्याची होस्टकडची बाजू ठरलेली असते. ही अदलाबदल त्याला जमत नाही. फोन चार्ज होत राहील, कारप्ले उघडणार नाही. केबल बदलून, फोन रीसेट करून यात काही साधत नाही. गाडी कंपन्या दोन पोर्टचं जे मीडिया मॉड्यूल देतात, त्यात अशी अदलाबदल करू शकणारी खास हब चिप असते. बाजारात सुटे मिळणारे हब तसे नसतात.

म्हणजे तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. हेड युनिटमध्ये मुळात वायरलेस कारप्ले असेल तर ते वापरा, म्हणजे पोर्ट हबसाठी मोकळा होतो. नसेल तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटमध्ये दोन डेटा पोर्टचं मॉड्यूल येतं का, ते पार्ट्स कॅटलॉगमध्ये बघा. येत असेल तर ते त्याच खाचेत बसण्याची शक्यता चांगली असते, फक्त कधीकधी युनिटमध्ये कोडिंग करावं लागतं. तिसरी वाट म्हणजे हेड युनिटच्या मागे दुसरं यूएसबी सॉकेट रिकामं आहे का, ते वायरिंग डायग्रॅममध्ये शोधणं.

वायरलेस कारप्लेचे छोटे अडॅप्टर मिळतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. ते हेड युनिटला आयफोन असल्याचं भासवतात, त्यामुळे त्यांनाही थेट पोर्टच लागतो.

पाचवा_गिअर

ओहम यांच्या प्रतिसादाला +१. आता करंटबद्दल.

हेड युनिटच्या पोर्टवरून हब चालवू नका. यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० मिलीअँपिअरची असते. बिनअडॅप्टरचा हब त्यातले १०० स्वतःला धरतो आणि चार पोर्टना प्रत्येकी १०० देतो. पेनड्राइव्हचंही तेवढ्यात नेहमी भागत नाही, एसएसडीची (फिरते भाग नसलेल्या ड्राइव्हची) तर बातच नको. फोन लावला की ओव्हरकरंटचा संदेश येतो आणि पोर्ट बंद पडतो.

म्हणून हबला स्वतंत्र ५ व्होल्ट द्यायचे. लागणारं सामान:

• १२ ते ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा), ५ अँपिअरचा, इनपुट किमान ८ ते ३२ व्होल्ट झेपणारा, बंद डबीतला
• तुमच्या फ्यूजच्या आकाराचा फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या जागी बसून, वायर न कापता जादा जोडणी काढून देणारा)
• ३ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, जांभळा
• ०.७५ चौरस मिमीची वायर, लाल आणि काळी
• गाडीच्या बॉडीला अर्थिंग करायला रिंग लग (बोल्टखाली बसणारं वायरचं गोल टोक)
• हीट श्रिंक स्लीव्ह, कापडी हार्नेस टेप, केबल टाय

३ अँपिअरच का? कन्व्हर्टर पूर्ण भारावर २५ वॉट देतो. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १२ व्होल्टवर साधारण २.३ अँपिअर ओढले जातात. ३ चा फ्यूज तेवढं सोसतो आणि वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर लगेच उडतो. '१० चा टाकला की परत बघायला नको' हा सल्ला ऐकू नका. तेव्हा फ्यूजऐवजी कन्व्हर्टर किंवा वायर तापते, आणि ती गालिच्याखाली असते.

इनपुट रेंजचा आग्रह एवढ्यासाठी, की गाडीचे '१२ व्होल्ट' नावापुरते १२ असतात. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४, आणि स्टार्टर फिरताना क्षणभर ९ च्याही खाली उतरते. याशिवाय वरच्या दिशेने झटके येतात ते वेगळेच. फक्त १२ व्होल्ट लिहिलेला उघडा सर्किट बोर्ड त्यात टिकत नाही. आणि तो निकामी होताना १२ व्होल्ट सरळ पुढे गेले, तर हब, ड्राइव्ह आणि हेड युनिटचा पोर्ट, तिन्हींना धोका.

निळाई

मध्येच विचारते. फ्यूज टॅप कुठल्याही फ्यूजच्या जागी लावला तर चालतो का? आणि तो उलटसुलट बसवला तरी चालतो असं ऐकलं आहे.

पाचवा_गिअर

कुठल्याही नाही. एअरबॅग, एबीएस, इंजिन ईसीयू, फ्युएल पंप यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. पॉवर सॉकेटचा किंवा ऑडिओच्या एसीसीचा (किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर सुरू होणाऱ्या पुरवठ्याचा) फ्यूज घ्या. किल्ली एसीसीवर आणल्यावर तिथे १२ व्होल्ट यायला हवेत आणि काढल्यावर शून्य. काही गाड्यांत पॉवर सॉकेटला कायम करंट असतो, तेव्हा मल्टीमीटर लावून बघाच.

उलटसुलटबद्दल: 'चालतो' एवढंच खरं आहे. टॅपच्या दोन पायांपैकी एका पायावरून दोन्ही फ्यूजना करंट जातो. तो पाय बॅटरीकडच्या बाजूला हवा. उलटा बसला तर तुमचा जादा भार आधी मूळ फ्यूजमधून जातो आणि मग तुमच्या फ्यूजमधून. मूळ सर्किट आधीच काठावर असेल तर मूळ फ्यूज उडतो आणि कारण सापडत नाही. बाजू ओळखायची रीत सोपी आहे: फ्यूज उपसा, किल्ली एसीसीवर ठेवा, काळा प्रोब बॉडीला आणि लाल प्रोब स्लॉटच्या एकेका खाचेत लावा. जिथे १२ व्होल्ट दिसतील ती बॅटरीकडची बाजू.

फ्यूजचा आकार मोजून टॅप घ्या. मिनी, लो प्रोफाइल मिनी आणि मायक्रो२ हे वरवर सारखे वाटतात, पण एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. दाबून बसवला तर स्लॉटच्या पत्त्या पसरतात आणि कायमचा लूज कॉन्टॅक्ट होतो.

ओहम

अर्थिंगबद्दल भर घालतो, कारण आवाजातल्या निम्म्याअधिक तक्रारी तिथून येतात.

काळी वायर जवळ दिसेल त्या बोल्टला लावू नका. हबचं अर्थिंग आणि हेड युनिटचं अर्थिंग यूएसबी केबलमधूनही एकमेकांना जोडलेलं असतं. बॉडीवरच्या दोन जागांमध्ये काही मिलीव्होल्टचा जरी फरक असला, तरी केबलच्या शील्डमधून करंट वाहू लागतो. मग इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कुंईऽ अशी शिट्टी स्पीकरमधून येते, किंवा ड्राइव्ह मधूनमधून तुटतो. काळी वायर हेड युनिटचं अर्थिंग जिथे लागतं त्याच बोल्टला न्या, निदान त्याच्या शेजारच्या. बोल्टखाली रंग असेल तर तो खरवडून धातू उघडा करा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बाहेरून ५ व्होल्ट दिलेला हब ते ५ व्होल्ट उलटे हेड युनिटच्या पोर्टमध्ये ढकलत नाही ना, हे तपासलंच पाहिजे. स्वस्त हबांत अडॅप्टरची पिन आणि होस्टकडची ५ व्होल्टची पिन सरळ जोडलेली असते. त्यामुळे हेड युनिट बंद झालं तरी त्याच्या पोर्टवर व्होल्टेज राहतं. युनिट पूर्ण झोपत नाही, अडकतं, किंवा पोर्टचं सर्किट खराब होतं.

चाचणी अशी: हबला फक्त बाहेरचा ५ व्होल्टचा पुरवठा द्या. होस्टकडे जाणारी केबल मोकळी ठेवा. तिच्या प्लगमधल्या दोन टोकांच्या पिनांवर मल्टीमीटर लावा. शून्याच्या आसपास दिसलं तर हब वापरण्याजोगा आहे. ५ च्या जवळ दिसलं तर तो हब या कामाचा नाही, दुसरा घ्या. केबलमधली लाल वायर कापून भागतं असं काही जण सुचवतात, पण होस्ट जोडला आहे हे बऱ्याच हबना त्याच वायरवरून कळतं. ती कापली की हब जागाच होत नाही.

प्रत्येक पोर्टला बटण असलेला हब घ्यायचा असेल, तर बटण दाबून आत अडकणारं हवं. हलक्या स्पर्शाची बटणं करंट गेला की बंद स्थितीत जातात आणि गाडी चालू केल्यावर दर वेळी ती दाबावी लागतात.

स्वरांकित

ड्राइव्हबद्दल मी लिहितो.

फिरती हार्ड डिस्क नकोच. धक्के हे एक कारण झालं, मोठं कारण उष्णता. २.५ इंची डिस्क साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालवायची असते. घरगुती एसएसडीची मर्यादा बहुधा ७० असते. बंद गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्डचा वरचा भाग ७० च्याही पुढे जातो. त्यामुळे ड्राइव्ह डॅशबोर्डवर किंवा काचेजवळ ठेवू नका. आर्मरेस्टखालचा खण त्या मानाने बराच थंड राहतो, ती जागा तुम्ही बरोबर निवडली आहे. एसीचा डक्ट तिथून मागे जात असेल तर त्याच्या अगदी लगत मात्र नको. हिवाळ्यात त्याच डक्टमधून गरम हवा जाते.

निव्वळ गाण्यांसाठी वेगाचा विचार करूच नका. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक (दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या पद्धतीचं) गाणं सेकंदाला साधारण १ मेगाबिट मागतं, आणि यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट आहे. महागडी एनव्हीएमई (अतिवेगवान प्रकारची) एसएसडी इथे वाया जाते, वर तापते आणि करंटही जास्त ओढते. साधी साटा एसएसडी छोट्या ॲल्युमिनियम केसमध्ये, नाहीतर धातूच्या अंगाचा चांगला पेनड्राइव्ह. २५६ जीबीला पेनड्राइव्ह पुरतो. केस घेतलीत तर एक बघा: काही केसमधली चिप दहा मिनिटं काम नसलं की ड्राइव्हला झोपवते. रेडिओ ऐकून परत गाण्यांकडे आलात की हेड युनिट जागं होण्याची वाट न बघता 'ड्राइव्ह नाही' म्हणतं.

फॉरमॅटवर जास्त लोक अडतात.

फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत. हेड युनिटच्या मॅन्युअलमध्ये एक्सफॅट हा फॉरमॅट स्पष्ट लिहिलेला नसेल तर फॅट३२ धरा. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय दाखवत नाही, म्हणून लोकांना वाटतं मोठा ड्राइव्ह फॅट३२ होतच नाही. होतो, त्यासाठी वेगळं साधन वापरावं लागतं. फाइल ४ जीबीपेक्षा लहान हवी एवढीच अट, गाण्यांना ती आड येत नाही. पार्टिशनची (ड्राइव्हचे भाग नोंदवायची) पद्धत एमबीआर ठेवा, जीपीटी नको. ड्राइव्ह संगणकावर छान दिसतो पण गाडीत रिकामा दिसतो, तेव्हा नव्वद टक्के वेळा जीपीटी, नाहीतर एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) हेच निघतं. एकाहून जास्त पार्टिशन केलीत तर युनिट बहुधा पहिलंच वाचेल.

फाइली आणि फोल्डर यांच्या संख्येलाही मर्यादा असते आणि ती मॅन्युअलमध्ये मागच्या पानांत कुठेतरी दिलेली असते. ती ओलांडली की चूक दाखवली जात नाही, पुढची गाणी गुपचूप गायब होतात. फोल्डर दोन पातळ्यांपर्यंतच ठेवा: कलाकार, त्यात अल्बम. गाण्यातलं मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलचं, साधं जेपेग. मोठ्या चित्रांनी इंडेक्सिंग (युनिटचं गाण्यांची यादी बनवणं) रेंगाळतं.

निळाई

माझ्याकडे गाणी नावाच्या क्रमाने न वाजता भलत्याच क्रमाने वाजतात. आणि प्रत्येक गाण्यापुढे त्याच नावाची, न वाजणारी एक फाइल दिसते.

स्वरांकित

दुसरं आधी. गाणी मॅकवरून भरली आहेत का? मॅक प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छुपी फाइल टाकतं. गाडीला ती छुपी वाटत नाही. मॅकवरच 'डॉट क्लीन' (dot_clean -m) ही आज्ञा ड्राइव्हवर चालवा, त्या निघून जातील. त्यांच्यामुळे फाइलींची मर्यादाही निम्म्यावर येते.

क्रमाचं कारण वेगळं. फॅट३२ मध्ये फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने त्यांच्या नोंदी राहतात. संगणक दाखवताना त्या नावानुसार लावून दाखवतो, बरीच हेड युनिट नोंदींच्या क्रमानेच वाजवतात. नंतर एखादं गाणं भरलं की ते शेवटी जातं. 'फॅटसॉर्ट' हे साधन नोंदी नावानुसार परत लावून देतं. गाण्यांच्या नावापुढे ०१, ०२ असे दोन अंकी आकडे द्या. नुसते १, २ दिले तर १ नंतर १० येतो.

पाना_पक्कड

कन्सोल खोलण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मॉडेलनुसार स्क्रूंच्या जागा बदलतात, पण क्रम सहसा हाच असतो.

सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, चाकाला उटी. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर कन्सोल निघेल अशा जागी आधीच आणून ठेवा. बॅटरी काढल्यावर शिफ्ट लॉकमुळे तो हलत नाही आणि काम तिथेच थांबतं. ऑडिओचा सुरक्षा कोड लागत असेल तर तो हाताशी ठेवा. मग इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये एअरबॅगसाठी सांगितलेला वेळ थांबा. तीन मिनिटं, काहींत त्याहून जास्त. कन्सोलखाली एअरबॅगचं कंट्रोल युनिट असू शकतं. पिवळे कनेक्टर किंवा पिवळी नळी असलेल्या वायरी यांना हात लावायचा नाही आणि त्यांना आपली वायर बांधायचीही नाही.

स्क्रूड्रायव्हरने क्लिपा उचकटू नका, प्लास्टिकची ट्रिम टूल वापरा. गिअरच्या भोवतीची चामडी टोपी, मग वरचं पॅनल, मग आर्मरेस्टच्या खणाच्या तळाचा रबरी गालिचा. त्याखाली सहसा दोन स्क्रू असतात आणि तेच विसरले जातात. पॅनल हलतंय पण एका कोपऱ्यात अडतंय, असं झालं की जोर लावू नका. तिथे स्क्रू राहिलेला आहे.

केबल आत घ्यायला खणाच्या मागच्या भिंतीला, तळापासून थोडं वर भोक पाडा. तळाला पाडलं तर सांडलेलं पाणी सरळ वायरींवर जातं. स्टेप ड्रिल वापरा, वेग कमी, भिंतीमागे लाकडाचा तुकडा धरा. वेग वाढवला की प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि भोकाला गाठी येतात. केबल थेट नेणार असाल तर प्लग जाईल एवढं भोक आणि त्यात रबरी ग्रोमेट. पॅनलवर बसणारं गोल सॉकेट लावणार असाल तर बहुतेकांना २८ ते २९ मिमी लागतं, पण वस्तू हातात आल्यावर मोजूनच पाडा. जास्त झालेलं भोक परत लहान होत नाही. डॅशवर स्विचची रिकामी झाकणं असतील तर त्या आकाराची यूएसबी सॉकेटं मिळतात. तेव्हा भोक पाडायची गरजच नाही.

हब आणि ड्राइव्ह चिकटवायला हॉट ग्लू वापरू नका, उन्हात मऊ होतो. साध्या वेल्क्रोचा गोंदही सुटतो. ॲल्युमिनियमची छोटी पट्टी वाकवून कन्सोलच्या मूळ स्क्रूखाली धरा आणि हब तिला केबल टायने बांधा. हबला बंद पेशींच्या फोमची पट्टी गुंडाळली की खडखड थांबते. कन्व्हर्टरला मात्र फोम गुंडाळू नका. तो उघडा ठेवा, शक्य असेल तर धातूच्या ब्रॅकेटला टेकवून. त्याची उष्णता बाहेर जायला वाट हवी.

प्रत्येक प्लगपासून ३-४ सेंटिमीटरवर केबल बांधा. यूएसबीचा प्लग नुसत्या घर्षणावर टिकलेला असतो. लोंबती केबल खड्ड्याखड्ड्याला त्याला ओढते, आणि 'ड्राइव्ह मधेच जातो' यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

वायरींना पीव्हीसी टेप नको, उन्हाळ्यात तिचा चिकट राप होतो. कापडी टेप वापरा. सीटच्या सरकपट्टीजवळून वायर नेऊ नका.

रानवाटा

खूपच उपयोगी माहिती. सीटवर ठेवून चाचणी केली. हब चालतो, दोन्ही ड्राइव्ह दिसतात, अँड्रॉइड ऑटो चालतं, कारप्ले हबमधून उघडत नाही. सेटिंगमध्ये वायरलेस कारप्ले सापडलं, त्यामुळे तो प्रश्न मिटला. उलट्या व्होल्टेजच्या चाचणीत पहिल्या हबला ४.९ दिसले, तो बाद. दुसऱ्याला शून्य.

दोन शंका. कन्व्हर्टर फ्यूज बॉक्सजवळ ठेवून ५ व्होल्ट कन्सोलपर्यंत आणावेत, की १२ व्होल्ट कन्सोलपर्यंत आणून तिथे कन्व्हर्टर लावावा? आणि ड्राइव्हला कायम करंट दिला तर दर वेळी इंडेक्सिंग टळेल का?

पाचवा_गिअर

१२ व्होल्ट कन्सोलपर्यंत आणा. हिशेब बघा. २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक) वायरला मीटरमागे साधारण ०.२१ ओहम रोध असतो. दीड मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर. १ अँपिअरला ०.६४ व्होल्ट वाटेतच गेले, हबपाशी उरले ४.३६. २४ गेजला तूट पाव व्होल्ट, २० गेजला ०.१. पाचातून अर्धा व्होल्ट जाणं फार मोठं आहे, बारातून गेल्याने काही बिघडत नाही. कन्व्हर्टरपासून हबपर्यंतची वायर ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. जोडून झाल्यावर फोन चार्जिंगला लावलेला असताना हबपाशी व्होल्टेज मोजा, ४.७५ च्या खाली जाता कामा नये.

कायम करंट देऊ नका. हब आणि एसएसडी नुसते बसून असले तरी मिळून साधारण १ वॉट घेतात. कन्व्हर्टरची तूट धरून १२ व्होल्टवर ०.१ अँपिअर म्हणा. दिवसाला २.४ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी नऊ-दहा दिवसांत अर्ध्यावर. त्यात गाडीचा स्वतःचा झिरपा वेगळा. सुट्टीला गेलात आणि परत आलात तर गाडी चालू होणार नाही.

स्वरांकित

शिवाय कायम करंटने इंडेक्सिंग टळेलच असंही नाही. हेड युनिट स्वतः बंद होऊन चालू झालं की ते यादी नव्याने तपासतंच. काही युनिट ड्राइव्हची ओळख लक्षात ठेवतात आणि बदल नसेल तर जुनीच यादी वापरतात, ते करंटवर अवलंबून नाही. इंडेक्सिंगचा वेळ कमी करायचा उपाय म्हणजे फाइली कमी, चित्रं लहान आणि ड्राइव्हवर गाण्यांखेरीज दुसरं काहीही नाही.

एसीसीवर एक त्रास राहतो. स्टार्टर फिरताना बऱ्याच गाड्या एसीसी क्षणभर तोडतात. तुम्ही आधी एसीसीवर थांबून गाणं लावलं आणि मग इंजिन चालू केलं, तर ड्राइव्ह जातो आणि परत येतो. फाइली बिघडण्याची भीती तशी कमी, कारण कंपनीचं हेड युनिट ड्राइव्ह बहुधा फक्त वाचतं. अँड्रॉइडवर चालणारं बाहेरचं युनिट ड्राइव्हवर लिहितं, तिथे मात्र अचानक करंट जाणं फॅट३२ ला मानवत नाही. गाण्यांची एक प्रत घरी ठेवा.

निळाई

याच हबवर गाडीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही घेता येईल का? मैत्रिणीच्या टेस्लात ड्राइव्ह लागतो, म्हणून विचारते.

ओहम

टेस्लाचं गणित वेगळं, तिथे गाडी सतत लिहीत असते. त्यांच्या मॅन्युअलप्रमाणे ड्राइव्ह किमान ६४ जीबीचा, सलग ४ मेगाबाइट प्रतिसेकंद लिहू शकणारा, एक्सफॅट, फॅट३२ किंवा एक्स्ट४. एनटीएफएस चालत नाही. सततच्या लिखाणाने साधा पेनड्राइव्ह लवकर झिजतो. एसएसडी घ्या, किंवा डॅशकॅमसाठीचं हाय एन्ड्युरन्स मायक्रोएसडी कार्ड चांगल्या रीडरमध्ये. गाण्यांचा ड्राइव्ह आणि रेकॉर्डिंगचा ड्राइव्ह एकच करू नका. आणि पोर्ट डेटाचा आहे ना ते आधी बघा, सगळे तसे नसतात.

सुटा डॅशकॅम असेल तर त्याला या हबवरून फक्त करंट द्या. तो स्वतःच्या कार्डावर लिहितो.

रानवाटा

सगळं बसवलं. एसीसीला फ्यूज टॅप, ३ चा फ्यूज, अर्थ हेड युनिटच्याच बोल्टला. हबपाशी फोन चार्ज होताना ४.९२. एकच गोष्ट खटकते: ड्राइव्ह चालू असताना एफएमची दूरची स्टेशनं खरखरतात, आणि ब्लूटूथवरचा कॉल कधीकधी तुटक येतो.

ओहम

ही दोन वेगळी कारणं आहेत.

एफएमची खरखर कन्व्हर्टरची. ड्राइव्ह काढून फक्त कन्व्हर्टर चालू ठेवा आणि हबवर फोन चार्जिंगला लावा. खरखर राहिली तर नक्की तोच. त्याच्या इनपुट आणि आउटपुट दोन्ही वायरींवर फेराइटची क्लिप (वायरीतला गोंगाट शोषणारी कडी) लावा, अगदी डबीला चिकटून. वायर क्लिपमधून दोन-तीन वेढे घेऊन काढली तर परिणाम जास्त होतो. कन्व्हर्टरच्या वायरी अँटेनाच्या केबलला समांतर जात असतील तर बाजूला घ्या. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. एवढं करून राहिली तर कन्व्हर्टर बदला, धातूच्या डबीतला घ्या.

ब्लूटूथचं कारण यूएसबी ३.० असणार. त्याच्या डेटाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपण काढलं होतं. तुमचं हेड युनिट यूएसबी २.० चं असेल तर ड्राइव्हचा वेग तसाही २.० चाच आहे, पण हब ३.० चा असेल तर हब आणि ड्राइव्ह आपसांत ३.० वर बोलायचा प्रयत्न करू शकतात. हब आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये यूएसबी २.० ची आखूड केबल टाका. तिच्यात ३.० च्या तारा नसतातच, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही. गाण्यांना वेगाने काही फरक पडणार नाही.

रानवाटा

हब ३.० चाच आहे. २.० ची १५ सेंटिमीटरची केबल टाकली, कॉल स्वच्छ येतो. फेराइट आणायचे आहेत, किती आतल्या व्यासाचे घेऊ?

पाचवा_गिअर

०.७५ ची वायर इन्सुलेशनसकट साधारण अडीच मिमी भरते. लाल आणि काळी दोन्ही एकाच क्लिपमधून, एकाच दिशेने, दोन वेढे न्यायचे तर आतला व्यास ९ मिमीच्या पुढचा घ्या. क्लिप पूर्ण मिटली पाहिजे. दोन अर्धकांत फट राहिली तर उपयोग जवळपास जातो. आणि बसवल्यावर तिच्यावर कापडी टेप गुंडाळा, नाहीतर कन्सोलमध्ये तीच खडखडत बसेल.